टेबलावरची ठाकूरवाडी

माझ्याकडे माझ्या वडिलांचं एकच चित्र आहे आणि ते कागदावर नाही. त्यांचा फोटो रेल्वेच्या पासावर होता, तो वाळवीनं खाल्ला. डोळ्यांत उरलंय ते असं: तिन्हीसांजेची वेळ, पाऊस नुकता थांबलेला, घाटात धुकं. समोर बोगद्याचं काळं तोंड. त्या तोंडाकडे एक माणूस पाठमोरा चाललाय, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात कंदील. आत शिरायच्या आधी तो थांबतो, मागं वळतो, कंदील एकदा झुलवतो. मग आत जातो, आणि कंदिलाचा उजेड बोगद्याच्या भिंतीवरून सरकत सरकत नाहीसा होतो. एवढंच. त्यात चेहरा नाही.

हे चित्र आठवलं की माझे दोन्ही घोटे आवळल्यासारखे होतात. अगदी लहानपणापासून. कुणीतरी पकडून ठेवलंय असं वाटतं आणि पाय गार पडतात. डॉक्टरांना दाखवून झालं. रक्ताभिसरण म्हणाले, लोकरीचे मोजे घाला म्हणाले. कर्जतच्या मे महिन्यात लोकरीचे मोजे घालून बसणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

वडील कर्जतच्या वर, घाटातल्या ठाकूरवाडी स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जाईल ते ठरवणारा सांधा बदलायचा, हे त्यांचं काम. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी चारेक वर्षांचा असताना, ऐन पावसाळ्यात, ते बोगद्याकडे गेले आणि वरून दरड आली. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन कडावला माहेरी आली. तिथं रोज दिवेलागणीला ती मला मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "सांग रं, बाबा कसं गेलं?" मी सांगायचो. "मागं वळून बघितलं?" बघितलं. "मग काय केलं?" दिवा हालवला. मग ती उठायची आणि भात टाकायची. शाळेत जायला लागलो तरी हे चालू होतं. पुढं मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी सणावाराला भेटली की एखाद्या संध्याकाळी ती हळूच विचारायचीच. शेवटच्या आजारपणात तिला दुसरं फारसं काही आठवत नव्हतं, पण हे तिनं विचारलं आणि मी सांगितलं. माझी थोरली बहीण तेव्हाही शेजारी बसली होती. ती या विषयावर कधी एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, तिला हेवा वाटत असणार, कारण बापाचं शेवटचं दर्शन मला झालं आणि तिला नाही.

मी आयुष्यभर खोपोलीच्या एका कागद कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झालो तसा घरातल्या प्रत्येक गोष्टीचे नटबोल्ट आवळत सुटलो. नळ असे आवळले की बायकोला उघडेनात. मिक्सरची झाकणं, कुकरची कडी, दाराच्या कड्या, काही सोडलं नाही. "अहो, हाताला काहीतरी काम लावून घ्या," ती म्हणाली, "नाहीतर मी तुमच्या बहिणीकडे कडावला जाऊन राहते." त्याच सुमारास नेरळला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी जाणं झालं. त्याच्या हॉलमध्ये टेबलावर छोटी आगगाडी गोल गोल फिरत होती. आजूबाजूला लाल कौलांची घरं, सूचिपर्णी झाडं आणि कापसाचा बर्फ. वर माथेरान, खाली नेरळ, आणि मधे बर्फ! माझं डोकंच फिरलं. चहाही नीट न पिता घरी आलो आणि बायकोला म्हटलं, करायचंच तर मी ठाकूरवाडी करीन.

तिला वाटलं, चला, छंद लागला. खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. ते चित्र अलीकडे पुसट व्हायला लागलं होतं. कंदील आधी डावीकडे झुलला की उजवीकडे, ते मला आठवेना. बोगद्याच्या कमानीवर गवत होतं की नव्हतं, आठवेना. या वयात माणसं चष्मा कुठं ठेवला ते विसरतात. माझ्याकडून वडीलच विसरले जाणार होते. ते चित्र गेलं की माझ्याकडे बाप म्हणून काही उरणार नव्हतं. म्हणून मला ती जागा पुन्हा उभी करायची होती, आणि ती संध्याकाळ एकदा, शेवटची, नीट बघून घ्यायची होती.

आता कुणी म्हणेल, कर्जतहून ठाकूरवाडी कितीशी लांब, जाऊन बघून या. गेलो होतो. वाडीतल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर, त्यांच्या पायवाटेनं. क्वार्टरचं नुसतं जोतं उरलंय, त्यावर घाणेरीची झुडपं. दरड अडवायला काँक्रीटची भिंत बांधलीय, त्यावर जाळ्या. जोत्यावर उभं राहिलं तर समोर भिंत आणि झाडी, बाकी काही दिसत नाही. सोबतचा माणूस म्हणाला, "हितं जास्त येळ नका उभं राहू." मी विचारलं, का? तर म्हणाला, "आमी नाय उभं राहत." याहून जास्त त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वाडीच्या वाटेवरूनच जमतील तेवढी मापं घेतली, फोटो काढले आणि खाली आलो.

मागच्या खोलीत टेबल बसवलं. ही खोली रुळांच्या बाजूला आहे. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोर लावायला जी जादा इंजिनं जोडतात, ती बँकर, आमच्या भिंतीमागूनच ये-जा करतात. बँकर गेला की भिंत हलकेच थरथरते आणि फडताळातल्या कपबश्या किणकिणतात. लग्न होऊन आली तेव्हा बायको दचकायची, आता बँकर उशिरा आला तर दचकते.

आधी जमिनीवर खाकी कागद जोडून सबंध आराखडा खऱ्या प्रमाणात काढला. प्रमाणात तडजोड करायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. म्हणून रूळ आणि गाडी सगळ्यात लहान मापाची मागवली. घाट सगळा मावणार नव्हताच. फक्त स्टेशन, सिग्नलची केबिन, क्वार्टर, सायडिंग आणि बोगदा. थर्माकोलचे थर चिकटवून डोंगर केला, वर पेपरचा लगदा आणि प्लास्टर. झाडांना वाळलेल्या आघाड्याच्या काड्या. डोंगराला रंग देताना बायको दारात उभी राहून म्हणाली, "स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग द्या म्हणून मी किती वर्षं सांगतेय?" मी म्हटलं, तिथं बोगदा नाही ना. ती गेली निघून, पण दुसऱ्या दिवशी चहाचा चोथा वाळवून आणून दिला, जमिनीवर माती म्हणून पसरायला. छान दिसला.

सायडिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. घाटाची ही रीत बाहेरच्यांना पटकन कळत नाही. खंडाळ्याकडून गाडी उतरते तेव्हा ठाकूरवाडीला तिला थांबावंच लागतं. सांधा सरळ मार्गाला लावलेला नसतोच. तो असतो कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर जाऊन संपणाऱ्या एका रुळाकडे, ज्याच्या टोकाला वाळू. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या चढावर जाऊन वाळूत रुतेल, खाली कर्जतवर येणार नाही. गाडी थांबली, ब्रेक लागतात हे दिसलं, की मगच सांधेवाला सांधा बदलायचा. म्हणजे रस्ता आधी चुकीचाच लावून ठेवलेला, आणि थांबेल त्यालाच बरोबरचा मिळायचा. मी तसंच वायरिंग केलं. बायकोनं पहिल्यांदा गाडी चालवली ती जोरात सोडली आणि थेट वाळूत घातली. "तुमची गाडी भलतीकडेच जाते," ती म्हणाली. मी म्हटलं, तिला थांबायला शिकव, मग सरळ जाईल.

शेवटी माणूस केला. त्या मापात माणूस म्हणजे तांदळाचे दोन दाणे एकावर एक ठेवावेत एवढा. बारीक तारेवर रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, लावून बनवला, खोळीसाठी काळ्या कागदाचा कण. हातात मोहरीहून बारीक दिवा, त्याच्या केसासारख्या तारा खाली टेबलाला भोक पाडून सोडल्या. बोगद्याच्या तोंडाशी उभा केला. तोंड क्वार्टरच्या दाराकडे, कारण मी क्वार्टरच्या दारात उभा राहून त्यांना पाहिलं होतं. आई नेहमी तसंच म्हणायची, दारातून बघितलंस ना रं.

कारखान्यात पाइपात काय अडकलंय ते बघायला आम्ही एक वायरसारखा लांब कॅमेरा वापरायचो, पुढं काडीएवढं भिंग, मोबाइलला जोडायचा. तसला एक माझ्याकडे होता. श्रावणातली दुपार होती, पण ढग असे उतरले होते की खोलीत काळोख, त्यात वीज गेलेली. बॅटरीवर तो कंदील लावला. कॅमेऱ्याचं भिंग इवल्याशा क्वार्टरच्या दारात जमिनीला टेकवून ठेवलं. चार वर्षांच्या पोराचा डोळा तिथंच यायचा. मोबाइल हातात घेतला.

पडद्यावर मातीची उतरण दिसली. तिच्यावर काड्यांची झाडं. बोगदा नव्हता.

भिंग सरकवलं, डावीकडे, उजवीकडे. दारातून, खिडकीतून, ओट्यावरून. सगळीकडून तीच उतरण. क्वार्टर आणि बोगद्याच्या मधे कॅच सायडिंगचा उंच भराव येत होता. दारातून बोगदा दिसणं शक्यच नव्हतं. मला आधी वाटलं, माप चुकलं. मी टेबलावरची मापं पुन्हा घेतली, घाटातल्या फोटोंशी पुन्हा ताडली, पाणसळ लावली. भराव बरोबर होता, क्वार्टर बरोबर होतं, बोगदा बरोबर होता. चूक असलीच तर ती माझ्या डोक्यात होती.

दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी करवतीचं पातं घेऊन भराव कापायला बसलो. बायको म्हणाली, "डोंगर कशाला कापताय? चांगला झालाय की." मी म्हटलं, मला पलीकडचं दिसत नाही. "मग खऱ्यातही दिसत नसेल," ती सहज म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. मला इतका राग आला की पातं आपटलं. आयुष्यभर पाव मिलिमीटरसाठी पोरांना फैलावर घेतलं आणि आता स्वतःच्या बापासाठी डोंगर तासायला निघालो होतो. पातं उचलून ठेवून दिलं.

त्याच संध्याकाळी मला पहिल्यांदा दिसलं की कंदीलवाल्या माणसाचं तोंड फिरलंय. क्वार्टरकडे बघत उभा केलेला तो आता वर, सायडिंगच्या टोकाकडे बघत होता. मी बायकोला विचारलं. तिनं हात लावलेला नव्हता. घरात दुसरं कुणी नाही. मी तो पुन्हा क्वार्टरकडे वळवला. दुसऱ्या दिवशी परत सायडिंगकडे. मला भुताखेतांचं वेड नाही. मागून बँकर जातो, टेबल थरथरतं, तारेला पीळ असतो, माणूस फिरतो. एवढं यंत्राचं मला कळतं. म्हणून तार बदलली, पीळ काढून सरळ केली, खाली फेव्हिकॉलचा थेंब दिला. एक दिवस नीट राहिला. मग पुन्हा तिकडेच. बरं, थरथरीनं फिरायचा तर कधी इकडे, कधी तिकडे फिरायला हवा होता. हा दर वेळी नेमका तिथंच जाऊन थांबायचा, आणि त्याचा तो दिवा त्या मोकळ्या, वाळूत संपणाऱ्या रुळाच्या टोकावर रोखलेला असायचा.

बायको त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली. कपडे वाळत घालायला मागच्या दारी जायचं तर ती पुढून वळसा घालून जायची. "तो बघतो," ती म्हणाली. मी हसलो. पण नंतर गाडी चालवत असताना गाडी सांध्यापाशी थांबली, मी बटण दाबायच्या आधी सहज त्या माणसाकडे पाहिलं आणि माझे घोटे आवळले. इतके की मी टेबलाखाली वाकून बघितलं. तिथं काही नव्हतं. माझेच पाय, माझेच मोजे.

मग मी हट्ट सोडला. म्हटलं, तू कुठं बघतोयस ते तरी बघू. भिंग उचलून सायडिंगच्या टोकाला, वाळूशी नेऊन ठेवलं.

बोगदा दिसला. समोर, जरा खाली, काळं तोंड, आणि तोंडाशी कंदील. जागा तीच होती, पण चित्र अजून जुळत नव्हतं. मधे केबिनचं छप्पर येत होतं आणि माणूस कमरेपासून वरच दिसत होता. माझ्या आठवणीत त्याची पावलं दिसतात, ओल्या खडीवरची. म्हणजे डोळा आणखी वर हवा. भिंगाखाली कॅरमची सोंगटी सरकवली. थोडं जुळलं. सोंगटीवर पुठ्ठ्याचा तुकडा. आणखी एक. आणि मग ते आलं. छप्पर खाली गेलं, खडी दिसली, माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा राहिला, त्याच्यामागं बोगद्याची कमान, कमानीवर गवत. मी गवत लावलं होतं हे मीच विसरलो होतो. कंदील झुलत नव्हता, एवढाच फरक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चित्र खरं होतं. मी पाहिलं होतं.

आणि पाणी पुसता पुसताच अंगावर काटा आला. त्या भिंगाची उंची मी प्रमाणानं गुणून खऱ्या मापात काढली. चार वर्षांच्या पोराच्या कितीतरी वर. पण मोठ्या माणसाच्याही वर. मी चांगला उंच आहे, तरी माझ्या डोळ्यापेक्षा वीतभर वर. तिथं कुठला ओटा नव्हता, झाड नव्हतं, काही नव्हतं. उघडा भराव, दोन रूळ आणि वाळू. मग त्या संध्याकाळी, जमिनीपासून एवढ्या उंचीवर, कोण बघत होतं? ज्या डोळ्यांनी मी आयुष्यभर बापाला बघत आलो, ते डोळे माझे की आणखी कुणाचे? मला ती खोली नकोशी झाली. मी उठून पुढच्या दारी ओट्यावर जाऊन बसलो आणि बायको दोनदा हाक मारेपर्यंत आत गेलो नाही.

शेवटी बहिणीला फोन केला. म्हटलं, ताई, येऊन जा. तिनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा आसनी रिक्षानं आली, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजी. गुडघे धरत धरत मागच्या खोलीत आली, टेबलाकडे बघितलं आणि दारातच थबकली.

"आपली चूल कुठं रं?" ती म्हणाली.

"आत आहे. छप्पर उचललं की दिसेल."

तिनं ते इवलंसं छप्पर उचललं नाही. मी तिला सगळं सांगितलं. दारातून दिसत नाही ते, माणूस फिरतो ते, सायडिंगच्या टोकावरून जुळलं ते, आणि उंचीचं. मोबाइल तिच्या हातात दिला. पडद्यावर बोगदा, कंदील, माणूस. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"हे बाबा नाय," ती म्हणाली.

मला राग आला. "ताई, तू तिथं नव्हतीस. मी पाहिलंय."

"तू पाहिलंस ना. रोज पाहायचास. तो गस्तवाला हाय. बोगद्यात दरड बघायला जायचा, रोज सकाळच्याला नि सांजच्याला. तू हात केलास की दिवा हालवायचा तुला."

"आणि बाबा?"

"बाबांच्याच खांद्यावर बसून बघायचास की." तिनं मोबाइल खाली ठेवला. "त्याशिवाय तू जेवत नव्हतास. सांज झाली की त्यांचं डोकं ओढायचास. मग ते तुला खांद्यावर घेऊन सायडिंगच्या टोकापर्यंत जायचं. तू मधीच मागं कलायचास, खोड होती तुला. म्हणून ते तुझं पाय असं घट धरून ठेवायचं." आणि तिनं हवेतच, स्वतःच्या छातीपाशी, दोन्ही मुठी आवळून दाखवल्या.

मी खुर्चीत बसलो. बसलो आणि स्वतःचे घोटे हातांत धरले.

मी विचारलं, "मग गेले त्या दिवशी?"

"सकाळचं गेलं. गस्तवाल्याला ताप होता, त्याच्या जागी गेलं. तू झोपलेलास. आय झऱ्यावर गेलेली. मी चुलीपाशी. घाईत होतं रं. मागल्या दारानं गेलं. वळून नाय बघितलं."

बाहेर बँकर गेला. कपबश्या किणकिणल्या. आम्ही दोघंही त्या माणसाकडे बघत होतो. तो सायडिंगच्या टोकाकडे बघत होता.

"आईला का नाही सांगितलंस?"

"आय मला विचारी, वळून बघितलं का गं? मी काय सांगू? नाय बघितलं म्हणून सांगू? मी गप राहिले, तर तू मधीच बोललास. बघितलं, दिवा हालवला. पोरगं होतास, तुला एकच ठाव होतं ते सांगितलंस. आयनं तुला उचलून पोटाशी धरलं. मंग मी कशाला बोलू?"

"आईला कळलं नसेल? रोज खांद्यावर बसून जायचो ते तिला माहीत नव्हतं?"

"होतं की," ती म्हणाली. "पण तिला ते पाहिजे होतं. आणि ती गेल्यावर मंग तुला पाहिजे होतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही हेवा करते. ती नुसती ओझं धरून बसली होती, एकटी, आमच्या दोघांसाठी. मी तिला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "चल, भाकऱ्या वातड होतील," आणि गुडघे धरत उठली. जाताना मात्र तिनं क्वार्टरचं छप्पर उचलून आत बघितलं. चूल चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणाली. मी ती दुसऱ्या दिवशी हलवली.

मी पुष्कळ दिवस चिडलेलोच होतो. कुणावर ते कळत नव्हतं. ज्या पाठीला मी बाप म्हणून जपलं, ज्याच्यासाठी रडलो, तो एक परका गस्तवाला निघाला. त्याचं नावही आम्हाला माहीत नाही. त्याला ताप आला म्हणून तो वाचला, आणि माझ्या डोक्यात सबंध आयुष्यभर रोज संध्याकाळी बोगद्यात जात राहिला. आणि ज्याला शोधत होतो, त्याला मी पाहिलंच नाही, कारण तो माझ्याखाली होता. त्याचा चेहरा आठवणार कुठून? मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो.

परवा मी आणखी एक माणूस केला. खांद्यावर पोर घेतलेला. एवढ्या मापात चेहरा करताच येत नाही, ते एका परीनं बरंच झालं. सायडिंगच्या टोकाला, वाळूच्या अलीकडे उभा केलाय. कंदीलवाला आता फिरत नाही. तारेतला पीळ गेला असेल. त्याचं तोंड होतं तिकडेच मी राहू दिलंय.

बायको पुन्हा मागच्या दारी सरळ जायला लागलीय, जाताना टेबलावरची धूळ पुसते. संध्याकाळी मी एकदा गाडी उतरवतो. ती सांध्यापाशी थांबते. भिंतीमागून बँकर जातो, टेबल थरथरतं आणि माझ्या घोट्यांना ती गार पकड बसते, अगदी पूर्वीसारखीच, दोन्हीकडून. मोजे मी काढून ठेवलेत. आता मी खाली वाकून बघत नाही आणि पायही हलवत नाही. मला मागं कलायची खोड आहे.